पकडीत धरलेला हिरा

माझ्या धाकट्या दिरांना बाजारात कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे त्यांना 'दोनदा' म्हणतात. त्यांचं काचेचं दुकान आहे. खिडकीची, कपाटाची, तसबिरीची, म्हणाल ती काच मापात कापून बसवून देतात. माप एकदा घेऊन झालं की पट्टी खाली ठेवायची, कपाळ पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं, ही त्यांची रीत. घाईतलं गिऱ्हाईक वैतागतं. "अहो, आत्ताच तर घेतलंत!" त्यावर भावजींचं उत्तर ठरलेलं. "लाकूड कमी पडलं तर पट्टी ठोकता येते. काचेला काय ठोकणार?"

घरीही तेच. "वहिनी, गॅस बंद केलात ना? केलात ना नक्की?" हे म्हणतात, "हा जन्मला तेव्हा एकदा रडला, आणि आवाज नीट फुटला का बघायला पुन्हा रडला." भावजी हसतात आणि दाराची कडी परत जाऊन बघतात.

सकाळचं देवाचं आटोपलं की मी वहीत दोन ओळी लिहिते, बहुतेक आभाराच्याच. भावजींच्या हिऱ्याचं दोन ओळींत भागेना, म्हणून आज कामं बाजूला ठेवून सगळं सलग लिहिते आहे.

चाळिशी उलटली तरी त्यांचं लग्न झालं नव्हतं. सासूबाईंच्या आजारपणात त्यांची उमेदीची वर्षं गेली, मग कुणी विषय काढला की ते काच पुसायला घ्यायचे. हातांच्या बोटांवर बारीक बारीक चिरा, अंगठ्याचं एक नख अर्धं, आणि बोलणं असं की शेजारच्या खोलीत आहेत का नाहीत कळू नये. मी आशा सोडली होती. मग एक दिवस बघते तर काय, मी धुऊन वाळवून घडी घातलेला शर्ट काखेत मारून हे गृहस्थ लॉन्ड्रीत निघालेले! धुतलेला शर्ट धुवायला नेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

लॉन्ड्री रस्त्याच्या टोकाला. आत मोठमोठ्या इस्त्र्या, भिंतीला नळ्या, आणि दार उघडलं की अंगावर येणारी वाफ. काउंटरवर एक बाई बसते. केस फडक्यात बांधलेले, कानामागे पेन, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. भावजी विचारायचे, "गुरुवारी मिळेल ना? गुरुवारी नक्की ना?" काही दिवसांनी ती पहिल्या प्रश्नालाच दोन्ही उत्तरं द्यायला लागली. "हो. आणि हो." मला हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेव्हाच मी देवाला म्हटलं, आता तू बघ.

मग एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, मी विचारलं."

"काय विचारलंत?"

"म्हटलं, तुमची हरकत नसेल तर लग्न करू या का."

"अगंबाई! आणि ती काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

मी हातातला डाव खाली ठेवला. "आणि लगेच तुम्ही पुन्हा विचारलंत!"

त्यांनी मान हलवली. "नाही. शर्ट घेतला आणि आलो." मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "पुन्हा विचारावंसं वाटलंच नाही."

आतून ह्यांचा आवाज आला, "अगं, त्याच्या कपाळाला हात लावून बघ! ताप आहे नक्की!"

मी मात्र तशीच देवापुढे गेले आणि डोकं टेकलं.

तिचं आधी एकदा ठरलेलं होतं, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं. तिनंच सांगितलं, काही न लपवता. त्या माणसानं साखरपुड्याला हिऱ्याची म्हणून अंगठी घातली होती. ती लॉन्ड्रीत वाफेशेजारी काम करायची, तर थोड्याच दिवसांत तो हिरा आतून धुरकट झाला. गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं, मग गल्लीच्या, मग सगळ्यांच्या. पुढे त्या माणसाची नोकरी खोटी निघाली, घरही खोटं निघालं. ठरलेलं मोडलं. पण लोकांना लक्षात राहिला तो धुरकट हिरा. कपडे द्यायला येणारी माणसं तिच्या रिकाम्या बोटाकडे बघायची.

"मला तारेचं वेटोळं चालेल," ती भावजींना म्हणाली होती. "फक्त जे म्हणाल ते असू दे. काच असली तर काच म्हणा."

पण तिला वाढवलं मामांनी, आणि मामा म्हणजे बस आगारातून निवृत्त झालेला माणूस. त्यांचा आवाज असा की फोन हातभर लांब धरला तरी घरभर ऐकू यायचा. ते म्हणाले, "ज्या लोकांसमोर आमचं हसं झालं, त्याच लोकांसमोर त्याच बोटात खरा हिरा पडला पाहिजे. नसेल जमत तर आत्ताच सांगा. मी पुन्हा मान खाली घालणार नाही."

भावजींना तर मामांनी सांगायचीही गरज नव्हती. ते मला म्हणाले, "वाफेत धुरकट न होणारा पाहिजे, वहिनी. एवढंच."

आधी ते सराफाकडे गेले. सराफानं मखमलीचा ट्रे पुढे ठेवला, चहा मागवला. भावजींनी एकेक खडा उचलून बघितला आणि मग पहिल्यापासून पुन्हा बघायला सुरुवात केली. सराफ म्हणाला, "साहेब, घ्यायचाय की नुसता बघायचाय?" भावजी चहा अर्धा टाकून उठले. अंगठीचं कोंदण तेवढं करायला सांगून आले आणि घरी आल्यावर म्हणाले, "फोनवर बघतो. फोन वैतागत नाही."

त्यांच्या फोनची काच कोपऱ्यात तडकलेली. काचवाल्याचा फोन असा कसा म्हणून ह्यांनी किती चिडवलं. पण त्या तडकलेल्या फोनवर रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं टेबलाशी बसायचो. हिरे बोटानं गोल फिरवून बघता यायचे. खालून, वरून, कडेनं. कॅरेट, रंग, आतले डाग, सगळं लिहिलेलं. मला तर सगळे सारखेच दिसायचे. भावजी मात्र म्हणायचे, "याच्या पोटात टिंब आहे बघा. आणि हा एका अंगानं कलतोय." ज्या माणसाला भावाशी दोन वाक्यं बोलायला जड जातं, तो त्या खड्यांबद्दल तासभर बोलायचा. एक निवडला. तो आठवडाभर रोज उघडून बघितला, अजून आहे ना म्हणून. मग म्हणाले, "घेऊ ना? घेऊ ना, वहिनी?" मी म्हटलं, देवाचं नाव घ्या आणि दाबा. त्यांनी बटण दाबलं, फोन उपडा ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून बसून राहिले. जमवलेलं सगळं त्यात गेलं होतं.

त्या वेबसाइटवर लिहिलं होतं की प्रत्येक हिऱ्याच्या कडेवर लेसरनं नंबर कोरलेला असतो आणि तोच नंबर सोबतच्या प्रमाणपत्रावर असतो. दोन्ही जुळले म्हणजे हाच तो हिरा. पसंत पडला नाही तर मुदतीत परत, पण नंबर जुळला पाहिजे आणि हिरा आला तसाच असला पाहिजे.

साखरपुड्याच्या आठवड्यातच पार्सल आलं. खोक्यात खोकं, त्यात आणखी एक, आणि सगळ्यात आत मसुराच्या डाळीएवढा तो खडा. खिडकीशी नेला तर छतावर रंगांचे ठिपके नाचले. मी हात जोडले. भावजींनी चष्मा लावला, प्रमाणपत्र उलगडलं आणि हिऱ्याची कड बघू लागले. बराच वेळ बघितली.

"नंबर दिसत नाही."

"अहो, तो इतका बारीक असणार. भिंगातून दिसेल. सराफाकडे न्या."

"तो म्हणालाय, बाहेरचा खडा आणताय तर आणा, पण खोटा निघाला तर माझ्या दुकानात येऊन रडायचं नाही."

"म्हणू दे. नंबर तर बघेल?"

ते हो म्हणणार इतक्यात मामांचा फोन आला. "आला का हिरा? ऑनलाइन ना? आमच्या शेजारणीनं बटाटे मागवले तर कांदे आले! बघून घ्या हो नीट. एकदा हसं झालंय पोरीचं." फोन ठेवला तेव्हा भावजींचा चेहरा उतरला होता. हिरा कागदाच्या पुडीत घालून वरच्या खिशात ठेवला आणि ते दुकानात निघून गेले. मला वाटलं, वाटेत सराफाकडे जातील.

दुपारी मी डबा घेऊन गेले. शटर अर्धं ओढलेलं होतं. आत भिंतीला टेकून काचेचे मोठे तावच्या ताव उभे, मधे जाड कापड पसरलेलं टेबल, काचा बसवायच्या लांबीचा तेलकट वास. काच कापायचं त्यांचं हत्यार म्हणजे हिरकणी. लाकडी दांडा आणि टोकाला हिऱ्याचा कण. त्यांच्या उस्तादांनी त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं की नवी हिरकणी विकत घेताना दुकानदाराचं ऐकायचं नाही, काचेवर ओढायची आणि काचेचं ऐकायचं. खरी असेल तर तलम कापड फाडल्यासारखा आवाज येतो. खोटी असेल तर किरकिरते. आयुष्यभर त्यांनी हत्यार असंच पारखलं.

टेबलावर काचेचा एक तुकडा होता. आणि भावजींच्या हातात पकड होती. पकडीच्या जबड्यात हिरा.

"भावजी, हे काय करताय!"

"एकच रेघ, वहिनी."

त्यांनी ओढली. खरंच, कापड फाटल्यासारखा आवाज आला, बारीक आणि सलग. काचेवर केसासारखी पांढरी रेघ उमटली. "ऐकलंत?" ते म्हणाले. "ऐकलंत ना? खरा आहे!" सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी पाहिला नव्हता. मलाही भरून आलं. मी म्हटलं, चला, आता ठेवा तो पुडीत आणि जेवा.

पण ते दोनदा होते ना. त्यांनी पकड पुन्हा आवळली, खात्रीसाठी, जरा जास्तच आवळली, आणि पुन्हा ओढली.

टक्.

एवढाच आवाज झाला. दाणा दाताखाली यावा तेवढाच. भावजींनी पकड उघडून हिरा तळहातावर घेतला, उजेडात धरला. कडेचा एक टवका गेला होता. पकडीचा जबडा जिथे होता, नेमका तिथे. आम्ही दोघांनी टेबलावरचं कापड झटकून बघितलं, जमीन बघितली. काचेच्या दुकानात तो कण शोधायचा कसा? सगळीकडे काचेचा चुराच चमकत होता.

सराफ रागावला नाही. त्याचंच मला वाईट वाटलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यानं हिरा फिरवला आणि विचारलं, "कोणी धरला हा लोखंडात?" भावजींनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"अहो, हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, पण तो फुटतो. आणि काचेवर रेघ काय, खोटे खडेही मारतात. त्यानं काहीच सिद्ध होत नाही." त्यानं एका छोट्या यंत्राची सुई हिऱ्याला लावली. यंत्र वाजलं. "हिरा आहे. पण खाणीतला का कारखान्यात वाढवलेला, ते हे यंत्र सांगत नाही. तुमच्या कागदावर खाणीतला लिहिलंय. नंबर असता तर लगेच कळलं असतं की हाच तो. नंबर इथेच होता बघा, शेवटचे दोन आकडे राहिलेत. बाकीचे टवक्याबरोबर गेले."

"मग आता?" मी विचारलं.

"मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. महिना-दीड महिना. सांगतील, नाहीतर नाही सांगणार."

"पण रविवारी साखरपुडा आहे. तुम्ही आत्ता कोंदणात तर बसवाल?"

"ताई, कोंदणाच्या चार नख्या दाबून बसवायचा असतो. ही कड अशी. दाबताना उभा फुटला तर तुम्ही मला धराल. मी हात लावणार नाही."

कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजल्यावर एक मुलगी बोलली, आवाज अगदी गोड.

"सर, हिऱ्यावरचा नंबर वाचून दाखवता का?"

भावजींनी शेवटचे दोन आकडे सांगितले.

"आणि त्याच्या आधीचे, सर?"

"आधीचे पकडीत गेले."

"सर, आम्ही आपल्या भावना समजू शकतो."

"हिरा तुमचाच आहे हो," भावजी म्हणाले. "तुमचाच आहे." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज इतका खाली गेला की तिला ऐकूही गेला नसेल. ती म्हणाली, नंबर जुळल्याशिवाय परत घेता येत नाही, आणखी काही मदत करू शकते का. भावजींनी तिला धन्यवाद म्हटलं. तेवढ्यातही धन्यवाद!

त्यानंतर घरात जे झालं ते लिहिताना माझा हात जड होतो. काही झालंच नाही, हेच ते. भावजींनी विचारणं बंद केलं. गॅस बंद केलात ना, नाही. दाराला कडी आहे ना, नाही. ताट वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर बसून राहायचे. मी दाराची कडी मुद्दाम काढून ठेवली. ते समोरून गेले, बघितलंसुद्धा नाही. शुक्रवारी एका बाईंची खिडकीची काच बोटभर आखूड कापली गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाई ओरडल्या तर भावजींनी नवा ताव फुकट कापून दिला आणि तोही आखूड.

मी देवापुढे बसायची आणि काय मागायचं तेच सुचायचं नाही. एकदा तर म्हटलं, देवा, त्या कडेवर ते आकडे परत उमटव. स्वतःचंच हसू आलं, आणि ते हसू कधी रडण्यात गेलं कळलं नाही. ज्याला आयुष्यात एकच गोष्ट हवीशी वाटली, त्याच्या हातून तीच फुटावी? आणि तीही त्याच्या काळजी घेण्याच्या सवयीनं?

शनिवारी ह्यांनी तोडगा काढला. हे छापखान्यात काम करतात, अडलेलं काम वेळेत बाहेर काढायची त्यांना सवय.

"सराफाकडे अगदी तसाच दिसणारा खडा आहे. काचेचा. कोंदण तयारच आहे. उद्या तो घालून न्यायचा. प्रयोगशाळेचं काय ते कळलं की नंतर गुपचूप बदलू."

"अहो, तिलाच?" मी म्हटलं. "तिला खोटा खडा? सगळं माहीत असून?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"देवासमोर खोटं घालायचं?"

"देवाला खरं काय ते माहीत आहे ना? मग झालं. मामांना माहीत नसलं म्हणजे पुरे. ते उठून गेले तर पोरीला परत आणून देणार आहेस तू?"

मी भावजींकडे बघितलं. ते खुर्चीत बसून अर्ध्या नखाच्या अंगठ्याकडे बघत होते. "भावजी, तुम्ही बोला ना काहीतरी."

"दादा म्हणतो तसं," ते म्हणाले. मला वाटतं, तेव्हा कोणी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितलं असतं तरी ते तेवढंच म्हणाले असते.

रविवारी आम्ही मामांकडे गेलो. दोन खोल्या, भिंतीला नवा रंग, शेजारच्यांकडून आणलेल्या खुर्च्या. लॉन्ड्रीच्या मालकीणबाई, गल्लीतली माणसं, मामांच्या आगारातले जुने सोबती, सगळे आलेले. मामांनी खरोखरच ज्यांनी ज्यांनी हसं केलं त्यांना निवडून बोलावलं होतं. ती आतून आली तेव्हा पहिल्यांदा मी तिचे केस मोकळे पाहिले. कानामागे पेन नव्हतं. भावजींकडे बघून हसली. भावजी जमिनीकडे बघत होते.

मामांनी डबी उघडली आणि अंगठी खिडकीकडे धरली. "वा! बघा रे, बघा! याला म्हणतात हिरा!" अंगठी या हातातून त्या हातात फिरली. मालकीणबाई म्हणाल्या, "किती पाणी आहे हो याला!" आगारातल्या एकानं तर डोळे बारीक करून, मान डोलावून, "खाणीतला आहे, अस्सल खाणीतला," असा निर्वाळाही दिला. हे माझ्याशेजारी बसून चहा ढवळत होते, साखर कधीच विरघळली होती.

अंगठी फिरून भावजींच्या हातात आली. तिनं हात पुढे केला. वाफेनं आणि साबणानं खरखरीत झालेला हात. भावजींनी तो हातात घेतला आणि तसेच थांबले. मामी म्हणाल्या, "घाला की हो, लाजताय काय?" सगळे हसले.

"हा हिरा नाही," भावजी म्हणाले.

कोणाला नीट ऐकू गेलं नसावं, कारण हसणं लगेच थांबलं नाही.

"काच आहे ही." आणि त्यांनी सगळ्यांदेखत अंगठ्यानं एकेक नखी मागे सारली. तसबिरीचे खिळे काढतात तशी. खडा टेबलावर पडला आणि बशीपर्यंत घरंगळत गेला. मग वरच्या खिशातून ती कागदाची पुडी काढली, उलगडली. "हिरा हा आहे. मी फोडला. कागदावरचाच आहे, पण आता मला दाखवता येणार नाही. आणि सराफ बसवणार नाही."

मामा उभे राहिले. मला वाटलं होतं ओरडतील. "दुसऱ्यांदा," एवढंच म्हणाले. "दुसऱ्यांदा, त्याच लोकांसमोर." आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं. मामी त्यांच्या मागे गेल्या. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. ह्यांचा चमचा हातातच राहिला होता.

ती जागची हलली नव्हती. तिनं भावजींना विचारलं, "कसा फुटला?"

त्यांनी सांगितलं. उस्तादांचं शिकवणं, पकड, पहिली रेघ, दुसरी रेघ. एवढं लांब बोलताना मी त्यांना त्या फोनवरच्या हिऱ्यांनंतर पहिल्यांदाच ऐकत होते. मधे मधे थांबत होते, पण काही गाळलं नाही. काचेचा खडा ह्यांनी सुचवला हे मात्र बोलले नाहीत.

"सोबत कागद होता ना?" ती म्हणाली.

"होता."

"तरी ओढून बघितलात."

"आमच्याकडे ओढूनच बघतात."

"पहिल्यानं खोटा दिला," ती अगदी सावकाश म्हणाली. "तुम्ही खरा फोडलात." मग त्यांच्या डोळ्यांत बघून, "माझ्यासोबत तर कागदही नाही. मलाही बघणार का असं ओढून?"

मी मनातल्या मनात देवाला हाक मारली. दुसरं काही मागितलं नाही, नुसती हाक मारली.

भावजींनी हातातली अंगठी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुम्हाला एकदाच विचारलं होतं."

खोलीतल्या माणसांना त्यात काही वाटलं नसेल. मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणजे काय, अशा. पण मी डोळ्यांना पदर लावला, आणि तिनं खाली बघितलं. काउंटरवरचे ते शर्ट तिला आठवले असणार. प्रत्येक गुरुवार दोनदा विचारणारा माणूस, आणि त्या दिवशी एक 'हो' ऐकून शर्ट घेऊन मुकाट्यानं रस्त्याला लागलेला.

तिनं टेबलावरची रिकामी अंगठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"घाला. आहे तशीच."

त्यांनी घातली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. आतलं दारही उघडलं नाही. आम्ही निघालो तेव्हा मामी दाराआडून रडलेल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "त्यांना थोडा वेळ द्या." तो वेळ अजून सरलेला नाही. लग्न नोंदणी कचेरीत साध्या सहीनं झालं. मामांच्या जागी मामींनी साक्षीदार म्हणून सही केली.

आता ती आमच्याच घरात असते. मामांना दर रविवारी फोन करते. पलीकडून फोन उचलला जातो, कोणी बोलत नाही, आणि तरी ती बोलत राहते, आज काय केलं, तब्येत कशी आहे. मी दुसऱ्या खोलीत जाते. हिरा त्या पुडीतच आहे. प्रयोगशाळेत पाठवायचा विषय ह्यांनी एकदा काढला होता. भावजी म्हणाले, तिला विचारतो. ती म्हणाली, नको. विषय संपला.

अंगठी मात्र ती रोज घालते. अडचण एकच आहे, त्या चार रिकाम्या नख्या लॉन्ड्रीत आलेल्या लोकरीच्या कपड्यांत अडकतात, धागे ओढले जातात. म्हणून सकाळी कामाला निघताना ती खिडकीशी बसते आणि नख्यांभोवती पांढरा दोरा गुंडाळून घेते. एका हातानं गाठ मारता येत नाही. ती हात पुढे करते, आणि भावजी गाठ मारून देतात. मी देवापुढून बघत असते. एकदा मारलेली गाठ ते ओढून बघत नाहीत.